दुसऱ्याचे टाके उसवणारी

आम्ही आठजणी दर महिन्याला सांगलीत माझ्या घरी जमतो आणि गोधडीसाठी शिवलेले चौकोन एकमेकींना देतो. आलेला चौकोन जसा असेल तसाच आपल्या गोधडीत लावायचा, हा नियम मी यादीत सर्वांत वर लिहिला आहे. कुपवाडच्या कारखान्यातून परस्पर स्कूटीवर येणारी आमच्यातली एक मात्र हेल्मेट काढायच्या आधीच चौकोन उलटा करते, टाक्याखाली नख घालते आणि सगळ्यांदेखत म्हणते, "लय ढिला हाय." मग घरी नेऊन उसवते आणि पुन्हा शिवते. मैत्रिणीच्या हातचं काम असं उसवतात का? मला याची भयंकर चीड आहे.

गेल्या खेपेला आमच्यातल्याच कडेगावच्या आजींचा चौकोन तिच्या वाट्याला आला. आजींची नजर गेली आहे, त्या टाके चाचपून घालतात. "माझा उसवलास तर बघ. परत सुई हातात धरणार न्हाई," त्यांनी तिला बजावलं. ती नुसती हसली. ती गेल्यावरही मी धुसफुसत होते.

काल तिने पुरी झालेली गोधडी अंथरली. आमचे सगळ्यांचे चौकोन नव्याने शिवलेले. मधोमध आजींचा चौकोन मात्र होता तसाच, वाकड्या टाक्यांचा, एका बाजूला कललेला. भोवतीची पट्टीसुद्धा तिने त्याच्या तिरपेपणाला जुळवून कापली होती. आजी बोटांनी आपले टाके चाचपून बघत होत्या.

"मग आमचेच का उसवतेस?" मी चिडून विचारलं.

"आवं ताई, त्यास्नी दिसत न्हाई. तुमाला दिसतंय की! तुमचा तर दोनदा उसवला."