काकूंच्या कहाणीतला राजा

"आधी दाणे घे हातात," काकू म्हणायच्या, आणि ऐकणारीच्या मुठीत चिमूटभर तांदूळ पडलेलेसुद्धा असायचे. शाळेला उशीर झालाय म्हणा, चुलीवर दूध ठेवून आलेय म्हणा, सुटका नाही. श्रावणात रोज कुठल्या ना कुठल्या वाराची कहाणी असतेच, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय काकू अन्नाला शिवत नसत. त्यासाठी हातात दाणे घेऊन बसणारा आणि मध्येमध्ये 'हं' म्हणणारा एक तरी जिवंत माणूस लागतो. अंबरपेठेत आमची त्यांची भिंतीला भिंत, त्यामुळे पहिला बकरा मीच.

अशी एखादी तुमच्याही आळीत असेल. डोक्यावरून पदर, तोंडात देव, आणि नवऱ्याचा विषय निघाला की 'आमचे हे'. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण होते, देवधर्माला हसणं हे शिकल्याचं लक्षण समजत होते, आणि काकूंसारखं गिऱ्हाईक शेजारीच मिळालेलं.

हैदराबाद रियासतीचे तीन तुकडे झाले त्या काळातली ही हकीकत. मराठी मुलूख मुंबईकडे गेला, कानडी म्हैसूरकडे, आणि आम्ही हैदराबादेत होतो तिथंच तेलुगू राज्यात उरलो. दफ्तरं वाटली गेली. कपाटं, टेबलं, पंखे आणि त्यांच्यासोबत कारकून. काकूंचे हे औरंगाबादच्या वाट्याला आले. "घर मिळालं की तार करतो," असं सांगून ते काचीगुड्याला गाडीत बसले. बरोबर घरातला चांगला बिछाना, चांगला तांब्या आणि काकूंनी रात्र जागून केलेले डिंकाचे लाडू. लाडू पोचले असावेत. तार काही आली नाही.

संक्रांतीच्या तोंडावर त्यांच्याच दफ्तरातला एक जण रजेवर इकडे आला आणि त्यानं खरं काय ते सांगितलं. घर केव्हाच मिळालं होतं. त्या घरात एक बाईही होती, आणि ती काही बहीण नव्हती.

दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. आमच्या गल्लीतल्या बायकांना एरवी कुणाच्या घरी दूध नासलं तरी राहवायचं नाही, पण ही बातमी काकूंच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली. सांगणार कोण? दया आली की माणसं मुकी होतात, आणि त्यालाच वर शहाणपण म्हणवून घेतात.

मग श्रावण आला. बाकीच्या बायका प्रत्येक वाराची वेगळी कहाणी सांगतात. काकूंनी त्या वर्षी एकच धरली. राजाला दोन राण्या, आवडती आणि नावडती. नावडतीला राजानं रानात हाकललं. तिनं मनोभावे व्रत केलं, देव पावला. पुढं राजा शिकारीला गेला, वाट चुकला, भुकेनं व्याकूळ होऊन तिच्याच दारी आला. तिनं ताट वाढलं. पहिल्या घासाला राजानं तिचा हात ओळखला आणि त्याच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं ताटात. मग त्यानं तिची क्षमा मागितली, मग पालखी, मग सुफळ संपूर्ण. सोमवार असो की शुक्रवार, राजा रोज दुपारी येऊन रडून जायचा. बायका मुठीत दाणे धरून, खाली मान घालून 'हं, हं' करायच्या.

एकदा कुणीच सापडलं नाही तेव्हा काकूंनी पोस्टमनला धरलं. म्हातारा चाचा, पाच वेळा नमाज पढणारा. औरंगाबादचं पत्र आजही नाही हे सांगायची त्यालाच लाज वाटत होती, म्हणून बिचारा खांद्यावर थैली तशीच ठेवून, मुठीत तांदूळ घेऊन उन्हात उभा राहिला. "हौ अम्मा. फिर?" म्हणत त्यानं अख्खी कहाणी ऐकली. राजा रडला तिथं चाचानंही नाक पुसलं. मी शाळेतून येताना हे पाहिलं आणि हसू आवरेना.

"काकू," मी त्यांना म्हटलं, "पुराणं लिहिली कुणी? राजाच्या घरी जेवणाऱ्या शास्त्रीबुवांनी. राजा परत आलाच नाही असं लिहिलं असतं तर त्यांना दुसऱ्या दिवशी शिधा मिळाला असता का?"

"तू फार शिकलीस बाई," त्या म्हणाल्या. "पुराणात खोटं कसं लिहितील?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हत्तीच्या हाकेला देव धावला, मेलेला नवरा यमाकडून परत आणला, समुद्रानं वाट दिली, सगळ्यावर एकच. खोटं कसं लिहितील?

शेवटी माझंच डोकं फिरलं. एक बाई रोज उपाशी बसून एका लबाड माणसाला राजा करतेय आणि आम्ही पंधराजणी हं म्हणतोय. मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, काकू, मला काकांबद्दल काही सांगायचंय.

त्या आंबाडी निवडत होत्या. वरसुद्धा पाहिलं नाही.

"संक्रांतीलाच कळलंय मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना माझ्याकडे बघतच नव्हता, तेव्हाच कळलं."

मी तिथंच खाली बसले. मग त्या सावकाश सांगायला लागल्या. "रोज कहाणी सुरू करते तेव्हा वाटतं, नक्को आता, सगळं थोतांड आहे. देव नाही की काही नाही. राणी रानात जाते तोवर तसंच वाटत राहतं. मग राजा ताटावर बसतो, रडतो, आणि माझ्या मनात येतं, असा माणूस कुठंतरी असल्याशिवाय का कुणी लिहिलं असेल? तेवढ्यावर उद्याचा दिवस निघतो. आता हस हवं तर."

मी हसले नाही. पण पटलं असंही नाही. विझल्या चुलीपाशी हात शेकणं झालं हे, असंच मला वाटलं आणि मला त्यांचा राग आला.

आणि काय सांगू, श्रावण सरता सरता राजा आला की हो. भर दुपारी, टांग्यातून, डोक्यावर नवी टोपी. "तिला न्यायला आलोय," असं गल्लीच्या तोंडाशीच जाहीर केलं. बायकांनी हात जोडले. समोरच्या वहिनी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन धावल्या. कहाणी फळाला आली, व्रत पावलं, काकूंची पुण्याई. माझ्याकडे एकेक जण अशी बघत होती की आता बोल, मास्तरीणबाई. मी काय बोलणार? कपाळ माझं.

काकूंनी घाईनं स्वयंपाक केला. वरण, भात, भेंडी, आंबाडीची चटणी, गव्हल्यांची खीर. ओसरीवर पाट मांडला. काकूंचे हे जेवायला बसले, आणि काकू समोर पंखा घेऊन बसल्या. वारा घालत होत्या, पण लक्ष सगळं त्यांच्या तोंडाकडे. आम्ही दारात गर्दी करून उभ्या. खरं सांगते, पहिला घास त्यांनी उचलला तेव्हा मी, देव न मानणारी, मनातल्या मनात म्हणाले, रड रे बाबा, एकदा तरी रड.

"वरणात मीठ कमी आहे," राजा म्हणाला.

काकूंनी मीठ वाढलं. पंखा पुन्हा हलायला लागला.

दुसरा भात झाल्यावर महाशयांनी येण्याचं कारण सांगितलं. चटणी चाटत, सगळ्यांसमोर, जराही लाज न बाळगता. "तिचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे, तिला काही कळत नाही. घरात जाणतं बाईमाणूस पाहिजे. तू असलीस की बाळंतपण नीट होईल. दोन तिकिटं काढलीत, संध्याकाळच्या गाडीची." आणि मग समाधानाची ढेकर दिली.

वहिनींच्या हातातली कोयरी तशीच राहिली. काकूंनी पंखा खाली ठेवला.

"ते तुम्ही नव्हे," त्या म्हणाल्या.

"काय ते मी नव्हे?"

"राजा. त्याच्या डोळ्यांत पहिल्या घासाला पाणी येतं. तुमचे दोन भात झाले."

"अगं, ती पुराणातली भाकडकथा. वेड लागलं का तुला?"

"पुराण बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही की कापला नाही. "माणूस चुकीचा आलाय. ताक घ्या थोडं, ऊन फार आहे. आणि निघा, गाडी चुकेल."

त्यांनी ताक घेतलं, बरं का. ताक सोडलं नाही. बाहेर येताना मला गाठून म्हणाले, "तुम्ही शिकल्यासवरलेल्या आहात, जरा समजवा तिला. दुसरं तिकीट फुकट जाईल." मी म्हटलं, "त्या जागेवर पाय पसरून झोपा, काका."

पुढं काकूंनी अंबरपेठ सोडली. तारनाक्याला खोली घेऊन मराठवाड्यातून विद्यापीठात शिकायला आलेल्या पोरांचे डबे करायला लागल्या. कहाणी शेवटपर्यंत सोडली नाही. राजा अजून यायचा आहे, असंच त्या म्हणायच्या, आणि म्हणताना आता मिश्कील हसायच्याही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी देवळात अजूनही जात नाही.

पण काकू म्हटलं की मला तीच दुपार दिसते. टांगा गेला. बायका एकेक करून पांगल्या. काकू भिंतीला टेकून बसल्या आणि रडल्या, मोकळ्या गळ्यानं, पुष्कळ वेळ. मी शेजारी बसून राहिले. मग त्या उठल्या, तोंड धुतलं, काकांचं उष्टं ताट उचलून मोरीत ठेवलं. त्याच पाटावर स्वतः बसल्या, भात वाढून घेतला, त्यावर पातेल्यातलं वरण ओतलं आणि पहिला घास तोंडात घातला. चावून, गिळून, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे गं."