उजव्या खिडकीची नोकरी

आपल्या गाडीपर्यंत सायकलने जाणारा, मग ती गाडी ढकलत रस्त्यावर नेणारा आणि वर "काय ताकद आहे बघा" म्हणणारा माणूस अख्ख्या टोकियोत एकच, आणि तो नेमका आमच्या हिचा आतेभाऊ निघाला. आठवडाभर ऑफिस आणि ट्रेन यांनी पिळून काढल्यावर रविवारी मी जरा पडून राहावं, तर सकाळी यांचा फोन ठरलेला. "जावईबापू, उठलात का? आज रस्ता मोकळा मिळेल." टोकियोत मोकळ्या रस्त्याची आशा धरणं हा त्यांचा जुना आजार. ही कुशीवर वळत म्हणायची, "जा हो, दादा एकटा आहे." मग मी सायकल काढायचो.

दादांनी अमेरिका पाहिलेली नव्हती. पुण्याच्या कंपनीने त्यांना तिकडेच पाठवायचं ठरवलं होतं, पण व्हिसा अडला आणि दादा टोकियोतल्या ओजिमात येऊन पडले. मनाने मात्र ते अमेरिकेतच उतरले होते. स्टेशनापासून घर किती लांब, हेसुद्धा मैलांत सांगायचे. लांबलचक नाकाच्या, पोटातून घुमणाऱ्या जुन्या अमेरिकन गाड्या, वाळवंटातला रस्ता, वाटेल तिथे मुक्काम, हे सुरू झालं की समोरच्याचा चहा निवला तरी त्यांना पत्ता नसायचा. "रस्ता सरळ असला की माणूससुद्धा सरळ बोलतो," असं त्यांचं एक मत होतं. ते खरं की खोटं हे तपासायला लागणारा सरळ रस्ता आम्हांला कधी सापडला नाही.

तसली एक गाडी त्यांनी खरोखरच घेतली. ऑफिसातल्या एका जपानी गृहस्थाने ती इतक्या वेळा कमरेत वाकून हवाली केली की मला तेव्हाच शंका आली. ठेवायला जागा आहे हे पोलिसांना दाखवल्याशिवाय इथे गाडी नावावर होत नाही. आमच्या वसाहतीतल्या जागा पत्र्याच्या डब्यांएवढ्या गाड्यांसाठी आखलेल्या, त्यामुळे या गाडीचं नाक कुठेही बाहेरच राही. शेवटी नदीपलीकडे, एदोगावा भागात, एका बाईंच्या पालेभाजीच्या वाफ्यांना लागून जागा मिळाली. आवाजाचं जरा पाहता आलं तर, एवढंच त्या संकोचत म्हणाल्या. दादांनी ते इतकं मनावर घेतलं की मोठा रस्ता येईपर्यंत इंजिन सुरूच करायचं नाही असा नियम झाला. शेकडो घोड्यांची ताकद असलेली ती गाडी दर रविवारी दोन मराठी माणसं घाम गाळत ढकलत न्यायची. बाई वाफ्यातून मान लववायच्या, आम्हीही ढकलता ढकलता लववायचो.

एरवी हे वेड बोलण्यापुरतंच राहिलं असतं. पण मोठा भूकंप झाला त्या दिवशी ट्रेन बंद पडल्या आणि दादा ऑफिसातून चालत चालत मुलीच्या शाळेत पोचले. ती दप्तर पोटाशी धरून वाट बघत बसली होती. "बाबा, आपल्याकडे गाडी का नाही?" एवढंच तिने विचारलं. त्या दिवशी गाड्याही जागच्या हलत नव्हत्या, पण हे त्यांना कोण सांगणार? थोडं निवळेपर्यंत म्हणून वहिनी मुलीला घेऊन पुण्याला गेल्या, आणि त्यांच्या मागे दादांनी ही गाडी घेतली. सुट्टीत आलीस की थेट उत्तरेच्या होक्काइदो बेटापर्यंत जायचं, असं मुलीला कबूल केलं.

या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि टोलनाक्यावरचं तिकिटाचं यंत्र उजवीकडे. म्हणजे उजव्या सीटवर कुणीतरी हवंच. ती नोकरी मुलीसाठी राखलेली होती, ती येईपर्यंत मी बदली कामगार. खिडकीतून हात काढून तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे द्यायचे आणि मधल्या वेळात हिने दिलेल्या दशम्यांचा डबा उघडायचा. टोकियोबाहेर चिबाच्या बाजूला थोडंसं जाऊन, उदोनच्या जाड शेवया खाऊन, येताना तासन्‌तास गर्दीत अडकायचं. थांबावंच लागत नाही असं टोलचं यंत्र गाडीत बसवून मिळतं, ते बसवा, असं मी कंटाळून सांगायचो. "आणि मग तिला काय काम राहील?" दादा विचारायचे.

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. कधी परीक्षा असायची, कधी क्लास. फोनवर अर्धं जपानी बोलणारी ती पोर हळूहळू चांगलं खणखणीत पुणेरी बोलायला लागली. एक दिवस तिने सांगून टाकलं, बारावीपर्यंत इथेच शिकणार, बाबा, तुम्हीच या ना. मी म्हटलं, "खरंच, का जात नाही तुम्ही?"

"आणि गाडी?" ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

मग आम्हां नवराबायकोचंच भारतात परतायचं ठरलं. निघण्याआधीच्या रविवारी त्यांचा फोन आला नाही, म्हणून मीच केला. नेहमीसारखी गाडी ढकलली, नेहमीसारखा दम लागला. नाका आला तशी मी काच खाली करून हात बाहेर काढला, तर समोरचा दांडा आपोआप वर गेला.

"बसवून घेतलं परवा," रस्त्यावरची नजर न काढता दादा म्हणाले. "एकट्याला जायचं तर लागेलच."

ही नोकरी सुटावी म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुरलो होतो. सुटली तेव्हा फार वाईट वाटलं. मी हात आत घेतला, काच वर केली. रस्ता त्या दिवशी खरोखरच मोकळा होता, आणि बऱ्यापैकी सरळही.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले, "दशम्या काढता ना?"

मी डबा उघडला. तेवढं काम अजून माझ्याकडे होतं.