भाऊजींचा खडक आणि माझे सहा दिवस

धुळ्याहून अक्काचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "ह्या गयात रे..." एवढंच ती बोलली. तिचे यजमान, आमचे भाऊजी गेले, त्याला आता दीड महिना झाला.

भाऊजी आयुष्यभर गवंडीकाम करत आले. परांचीवर चढणं झेपेना तेव्हा त्यांनी नवाच नाद धरला, घरातल्या फिशटँकमध्ये मागच्या काचेला लावायचा खडक. थर्माकोल तापल्या सुरीने कोरायचा, त्यावर ब्रशने सिमेंटचे पातळ थर द्यायचे, गेरू आणि काळा रंग असा जिरवायचा की बघणाऱ्याला वाटावं, पिंपळनेरकडच्या डोंगराचा तुकडाच कुणी उचलून आणला. मुद्दाम त्या बाजूला जाऊन पाणी झिरपणारे कडे ते तासन्‌तास बघत बसायचे. अक्का म्हणायची, "लगीनमा मन्हाकडे इतलं देखं नही व्हतं."

जळगावला मी घर बांधलं, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी तीन फुटांचा खडक केला. देताना बजावलं, "शालकबुवा, ईस दिन पानीमा बुडाईसन ठेव. दर दोन दिनले पानी बदल. सिमेंटना चुना बठ्ठा निंघू दे, मंग मासा सोड." मी मान डोलावली. पण वीस दिवस कुठले, वास्तुशांत आठ दिवसांवर आली होती आणि मला पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं. सहाव्या दिवशीच मी खडक पाण्यातून काढून टाकीत चिकटवला. पूजेच्या सकाळी मासे सोडले.

दुपारी वरण-बट्टीच्या पंगती बसल्या आणि इकडे मासे एकेक करून वर तरंगू लागले. कुणीतरी विचारलं, "हे काय झालं हो?" मी पटकन बोलून गेलो, "भाऊजींच्या कामातच काहीतरी खोट दिसते." भाऊजी वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवस भिजवलास, एवढं विचारलं असतं तरी मी तिथेच उघडा पडलो असतो. त्यांनी विचारलं नाही. बादली खाली ठेवली, मेलेले मासे हाताने गोळा केले आणि म्हणाले, "मन्हंच चुकनं व्हई."

नातेवाइकांत बोभाटा झाला. धुळ्यात दोघातिघांनी करायला सांगितलेले खडक नको म्हणून कळवलं. भाऊजींनी सुरी, ब्रश सगळं माळ्यावर टाकलं ते टाकलंच. नंतरही ते माझ्याकडे येत राहिले, माझ्या पोरींशी पत्ते कुटत राहिले, आणि मी दर वेळी आज सांगू, आज सांगू म्हणत त्यांना बसस्टँडवर सोडून येत राहिलो. दशक्रियेला एक पाहुणे म्हणाले, "माणूस लाख होता, पण तो माशांचा नाद काही त्याला जमला नाही." मी तेव्हाही खाली मान घालून बसलो. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंड उघडलं नाही.

हा लेख पुरवणीकडे पाठवण्याआधी मी अक्काला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या दिन मी बी त्यास्लेच बोलनी व्हती रे. बठ्ठा पाव्हनासमोर."

मी माफी मागायला लागलो. तिने मला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. छापाले दे. अन् खाले तुन्हं पुरं नाव टाक."