कोरीटची ठेंगणी सावनी

सुरतेला गाडी बदलली तेव्हा मी चिडलेली होते, आणि नंदुरबार येईपर्यंत तो राग उतरला नाही.

कोरीटला, मावशीच्या गावी, मला कोणी बोलावलंच नव्हतं. बोलावलं होतं ते माझ्या इंग्रजीला. मामा पुण्याला येऊन आईला एवढंच सांगून गेले, "धाकटीचा निरोप आहे. गावात साहेब यायचाय, त्याच्याशी बोलायला माणूस नाही. तुझी पोर कॉन्व्हेंटात शिकली ना, तिला आठवडाभर धाड." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेजारची कुऱ्हाड उसनी मागताना कुऱ्हाडीला कोण विचारतं?

ताप्ती लाइनची गाडी व्यारा, सोनगड सोडून पुढे निघाली की जंगल रुळांच्या अगदी जवळ येतं. श्रावणातला तो हिरवा रंग डोळ्यांना टोचेल इतका गडद होता. नवापूरला बायकांच्या डब्यात एक डोंगराकडची बाई करटुल्यांची टोपली घेऊन चढली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग मूठभर करटुली माझ्या पदरात टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या सगळ्या प्रवासात माझ्याकडून काही नको असलेली तेवढी एकच व्यक्ती भेटली.

नंदुरबार स्टेशनाबाहेर मावशीनं पाठवलेला छकडा उभा होता. गाडीवान धुडकू यानं माझ्या ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाटलीनबाईनी भाची का? ती इंग्रजी बोलनारी?"

मी मान हलवली.

"हाई तं मराठीबी बोलत नही," तो बैलांना म्हणाला. मग मला, "बठ माय, सांभाळीसन बठ (नीट सांभाळून बस). रस्ता खराब शे."

रस्ता नव्हताच. काळी माती होती आणि तिच्यावर पाऊस पडून गेला होता. एका ओहोळाशी चाक रुतलं. मला उतरावं लागलं, आणि माझी एक चप्पल त्या चिखलानं जी गिळली ती परत दिली नाही. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. मी एका चपलेनं कोरीटला पोचले.

मावशी ओट्यावरच उभी होती. आईची ही धाकटी बहीण उंचीनं माझ्या खांद्याला लागते. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, हसली नाही, बादलीभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "चाल, आधी तिले देख. जेवन मांगून (नंतर)."

ती म्हणजे विहिरीच्या थारोळ्याशेजारी असलेलं एक झाड. सावनी, जिला आपल्याकडे कोणी चिनी मेंदी म्हणतात. बंगल्यांच्या फाटकांशी असते ती सावनी पुरुषभर उंच, फताडी होते. ही माझ्या गुडघ्याच्या जरा वर होती, परडीसारखी गोल, आणि पान दिसू नये इतकी फुललेली. रंग जांभळा म्हणावा तर फिका, निळा म्हणावा तर ऊबदार. चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या. मी तिथेच उकिडवी बसले. मावशीला तेवढं पुरलं असावं, कारण ती थारोळ्यावर बसली आणि सगळं सांगू लागली.

बऱ्याच वर्षांपूर्वी गावात सरकारी शेतीखात्याचा कोणी माणूस कपाशीचा संकर दाखवायला आला होता. संध्याकाळी न उमललेलं फूल उघडून त्यातले केसर काढायचे, वर कागदाची टोपी घालायची, सकाळी दुसऱ्या जातीचा पराग आणून लावायचा. पुरुषांनी पाहिलं आणि ते चहा प्यायला गेले. मावशीनं दाराआडून पाहिलं होतं. तिनं तेच सावनीवर केलं. एक उंच, जांभळी. एक रोगट, पांढुरकी पण बुटकी. पराग मोरपिसाच्या टोकानं लावला. आलेली रोपं सगळीच्या सगळी उंच निघाली. सासू म्हणाली, हिनं ताडमाड वाढवायचा धंदा काढला. मावशीनं त्या उंच झाडांचं बी पुन्हा पेरलं, तेव्हा कुठे त्यांत थोडी ठेंगणी आली. त्यांतली बरीचशी फिक्या फुलांची होती, ती तिनं उपटून टाकली. राहिली ही.

"मग हिच्या फांद्या लावून आणखी का नाही केलीस?" मी विचारलं.

"दोन पावसाळा देखाना पडतस. गये वरीस ठेंगनी ऱ्हायनी. आवंदा बी ऱ्हायनी, तवय खरी." यंदा कानबाई (खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) झाली की ती फांद्या लावणार होती. बियांतून हिच्यासारखी दुसरी येईलच असं नाही, फांदीतूनच येते.

पण मावसांनी (मावशीच्या यजमानांनी) झाड देऊन टाकलं होतं.

पावसाच्या सुरुवातीला एक गोरा साहेब आणि त्याची मडम गावावरून गेले होते. मडमेनं यंदाचा पहिला बहर पाहून दोन्ही हात गालांना लावले. मावसा तिथल्या तिथे म्हणाले, झाड आपलंच समजा. ते रावसाहेबकीच्या आशेवर आहेत, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. कानबाईच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झाड मुळासकट काढून नंदुरबारच्या बंगल्यावर पोचवायचं ठरलं होतं. आणि साहेबाला ते भर बहरात मिळावं, म्हणून तोवर एकाही फांदीला कोणी हात लावायचा नाही, अशी मावसांनी मावशीला ताकीद दिली होती. तिच्याच झाडाबद्दल, तिला.

"तू साहेबले सांग," मावशी म्हणाली. "मन्हं तो ऐकत नही. तुन्हं ऐकी."

त्या दिवशी जेवायला डुबुकवड्या (रश्शात सोडलेल्या बेसनाच्या वड्या) आणि भाकरी होती. मावसा प्रेमानं वाढा वाढा म्हणत होते. माणूस वाईट नाही. त्यामुळे राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

साहेब शनिवारी घोड्यावरून आला. झाडापुढे थांबून तो इंग्रजीत म्हणाला, "ही तर बुटकी लायलॅक. माझ्या बायकोचं नाव हिला शोभेल." आमच्या शाळेच्या जिन्यात लायलॅक या विलायती फुलझाडाचं एक चित्र होतं. सहा वर्षं मी रोज त्याच्यापुढून चढले-उतरले. हे लायलॅक नव्हतं. ते मला माहीत होतं आणि त्यालाही.

मी बोलले. वाक्यं पुरी झाली. हे माझ्या मावशीनं स्वतः तयार केलेलं झाड आहे. असं एकच आहे. भर बहरात उपटलं तर मरेल. तिला आधी फांद्या घेऊ द्या, आणि झाड थंडीत, पानं झडल्यावर न्या.

साहेबानं कौतुकानं मान वाकडी केली. "इतके स्वच्छ उच्चार. कुठल्या शाळेत शिकलीस?"

मी शाळेचं नाव सांगितलं, कारण विचारलं की उत्तर द्यायचं हे मला त्याच शाळेत शिकवलं होतं. मावसा हात जोडून म्हणाले, "बेटा, साहेबले सांग, आमनी मोठी भाग्यनी गोट (गोष्ट) शे." साहेब निघून गेला.

मावशी दारातून आली. "काय सांगं तू तेले?"

"सगळं."

"मंग तेनी काय ऐकं?"

"माझे उच्चार."

रविवारी सकाळी कानबाईच्या स्थापनेची धावपळ सुरू झाली. माजघरात पुरण शिजत होतं, गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) फोडी परातीत होत्या, नारळावर डोळे आणि नाक रेखून त्याला नथ घातली होती. तेवढ्यात मागल्या दारी मावसांचा आवाज चढला. मी गेले. झाडाच्या जागी वीतभर खोडकं उभं होतं. सगळ्या फुललेल्या फांद्या मावशीच्या पदरात होत्या, हातात विळा.

"हाई काय करं तू?"

"कानबाईले वाह्यी." मावशी शांतपणे म्हणाली. "तुम्ही कानबाईपाइन परत मांगतस का?"

मावसा दोन पावलं मागे सरले. खानदेशात कानबाईला वाहिलेलं मागायची छाती कोणाचीच नाही.

तिचा बेत सरळ होता. सोमवारी विसर्जनाला गेलेल्या बायकांनी परतताना एकेक फांदी घरी न्यायची आणि मोरीच्या ओलीत खोचायची. श्रावणात सावनीची फांदी सहज मूळ धरते. एका झाडाऐवजी वाडीभर झाडं. तिनं प्रत्येकीला तसं सांगूनही ठेवलं.

सोमवारी आम्ही वाजतगाजत नदीवर गेलो, प्रत्येकीच्या हातात एकेक फांदी. कानबाईचा पाट मावशीच्या डोक्यावर होता. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी, तोंड पलीकडच्या काठाकडे, मान वळवता येत नव्हती. आणि काठावर ठगूबाई, गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई, हातातल्या फांदीकडे पाहून म्हणाली, "मायले वाहेल (वाहिलेलं) घर कसाले लई जावानं? पानीमां सोडा."

आणि तिनं ती सोडली. तिच्या मागच्या बाईनं सोडली. तिच्या मागचीनंही. सगळ्या भाविक, सगळ्या भल्या. जांभळी फुलं पाण्यावर फिरली आणि प्रवाहाला लागली.

पुढचं मला तुटक आठवतं. मी लुगड्यासकट पाण्यात होते. केस सुटले होते. फांद्या वेचून छातीशी धरत होते आणि ओरडत होते. साहेबापुढे जे गोड शब्दांत सांगितलं ते सगळं, त्याहून पुष्कळ जास्त, गळ्याच्या शिरा तुटतील अशा आवाजात. ते सगळं इंग्रजीत होतं, हे मला मागाहून सांगण्यात आलं.

वाजंत्री थांबली. मी वळून पाहिलं तर बायका हात जोडून उभ्या होत्या. ठगूबाई गुडघाभर पाण्यात आली आणि तिनं माझ्या पायांच्या दिशेनं वाकून विचारलं, "माय, काय जोयजे (पाहिजे) तुले?"

माझ्या अंगात कानबाई आली आहे, असं त्यांना वाटलं होतं.

मी त्यांना खरं सांगू शकले असते. पण मी फार चिडले होते. "घरी न्या," मी म्हटलं, मराठीत. "दारात लावा. एकीनंही पाण्यात टाकायची नाही." आणि वेचलेल्या फांद्या मी वाटल्या. त्या बायकांनी पदर पसरून घेतल्या. निम्म्या तोवर वाहून गेल्या होत्या.

घरी माझे केस पुसताना मावशीनं विचारलं, "खरंच उनी व्हती का तुन्हा आंगमां?"

"नाही. राग आला होता."

"मंग एकच गोट शे," ती म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मंगळवारी मी निघाले. धुडकूच्या छकड्यात माझ्या शेजारी ते खोडकं होतं, मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधलेलं. माझ्या मांडीवर डबा, त्यात ओल्या फडक्यात एक फांदी. मावसा पुढे बसले होते, साहेबाला काय सांगावं या काळजीत. धुडकूनं ह्या वेळी मला नमस्कार केला आणि ओहोळाशी उतरू दिलं नाही.

बंगल्याच्या ओसरीत साहेबानं खोडकं निरखलं. "छाटून आणलंत. फार शहाणपण केलंत, आता नक्की जगेल." मी ते मावसांना सांगितलं. मावसांचा चेहरा उजळला. ते पाहून माझ्यात पुन्हा काहीतरी पेटलं. साहेब पुढे बायकोच्या नावाचं काही बोलत होता. ते मी मावसांना सांगितलं नाही. त्याऐवजी म्हटलं, "साहेब विचारतात, हे झाड कोणी तयार केलं?"

मावसांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग हळूच म्हणाले, "आमना घरनी मंडई." म्हणजे बायको.

मी साहेबाला ते इंग्रजीत सांगितलं. ह्या वेळी त्यानं ऐकलं. भुवया उंचावून, खरोखर आश्चर्यानं त्यानं विचारलं, "अस्सं? काय नाव बाईंचं?"

मी मावसांकडे वळले. "नाव विचारतात."

मावसा हसले, लाजले, टोपी काढून पुन्हा घातली. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नसतं, तेही परक्या पुरुषापुढे. "बेटा, तूच सांग ना."

मला तिचं नाव माहीत नव्हतं. जन्मापासून ती मावशी. आईची धाकटी, गावाची पाटलीणबाई. साहेबानं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि खिशातून पेन्सिल काढून गोणपाटाला बांधलेल्या चिठ्ठीवर आपल्या बायकोचं नाव लिहिलं.

परतीच्या गाडीत नवापूर गेलं, सोनगड गेलं, जंगल मागे पडलं, तरी माझ्या मुठी सुटल्या नाहीत. मी मुलगी म्हणून बोलले तेव्हा उच्चार ऐकले गेले, ओरडले तेव्हा देवी ऐकली गेली. आणि ज्या एका क्षणी कोणी खरंच विचारलं, तेव्हा नाव मावसांनी घेतलं नाही आणि मला ते ठाऊक नव्हतं.

घरी पोचताच आईला विचारलं. "माहेरी यमुना," आई म्हणाली. "लग्नात तुझ्या मावसांनी ताटातल्या तांदळावर दुसरं लिहिलं. काय बरं ते? कोणी कधी हाक मारलीच नाही त्या नावानं." म्हणजे मावसांनी ते नाव एकदाच, स्वतः निवडून, अंगठीनं लिहिलं, आणि ते तांदूळ कोणीतरी शिजवले.

फांदी आमच्या मोरीशी लावली आहे. तिला तांबूस पालवी फुटली आहे. कोरीटला दारोदारी तिला आता कानबाईची सावनी म्हणतात, असं मामांकडून कळलं. शेजारच्या बाईंनी काल कुंपणावरून विचारलं, "हिला काय म्हणतात हो?"

"अजून कळायचंय," मी म्हटलं.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुट्टीत मी पुन्हा कोरीटला जाणार आहे, मावशीलाच विचारायला. ह्या वेळी मला कोणी बोलावलेलं नाही.