काजं बघून दिलेलं घर

टेलरमास्तरांनी आयुष्यभर लोकांचे खांदे मोजले, पण माणसं ते ओळखत काजांवरून. "काज नीट असलं की माणूस नीट," असं ते छातीठोकपणे सांगत. बायको विचारी, "माझ्या ब्लाऊजला तर हूक होते, मग मला कशावरून ओळखलंत?" यावर ते चाळीस वर्षं लगबगीनं सुईत दोरा ओवायला घेत.

डोळे अधू झाले, सुईत दोरा ओवेना, तेव्हा त्यांनी दुकान विकलं आणि त्या पैशांत तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. "आता आपण बसायचं, फ्लॅट शिवेल," ते म्हणाले. म्हातारपणाची सगळी बेगमी त्या दोन खोल्यांतच होती.

पहिला भाडेकरू आला तो कडक इस्त्रीच्या शर्टात, एकसारख्या काजांचा. एजंट म्हणाला, "मास्तर, याच्या आधीच्या घरमालकाला एक फोन तरी करा." मास्तर हसले. "फोन कशाला? काजं बघा की!" आणि किल्ली देऊन मोकळे झाले.

वर्षभर एक तक्रार नाही. मास्तर भेटेल त्याला सांगत, सोन्यासारखा माणूस मिळालाय. मग एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा ओट्यावर कोसळला होता. वर बाथरूममधला पाइप आठ महिने गळत होता आणि त्या सोन्यासारख्या माणसानं खाली टॉवेल लावून दार ओढून घेतलं होतं. ताकास तूर लागू दिली नाही. वास असह्य झाला तेव्हा किल्ली वॉचमनकडे टाकून तो निघून गेला.

प्लंबर झाला, गवंडी झाला, खालच्या बाईंचं छत झालं. साठवलेलं होतं ते त्यात गेलं. त्यावर दुष्काळात तेरावा महिना म्हणून फ्लॅट चार महिने रिकामा पडला. बघायला येणारे दारातच नाक मुरडत आणि परत जात. मास्तर रोज जाऊन खिडक्या उघडून बसत. घरी बायकोला सांगत, "फिरायला गेलो होतो." तिला सगळं कळे.

मग स्कूलबस चालवणारी एक मुलगी घर बघायला आली. कोटाला मधल्या बटणाच्या जागी सेफ्टीपिन! मास्तरांनी तिथल्या तिथे मान हलवली. बायको म्हणाली, "तुमचं बघून झालं ना एकदा? आता मी बघते." तिनं त्या मुलीच्या आधीच्या घरमालकिणीला फोन लावला, अर्धा तास बोलली आणि किल्ली देऊन टाकली.

आठवड्यात फोन सुरू झाले. "काका, नळ ठिबकतोय." "काका, खिडकीची कडी निसटलीय." मास्तर करवादले, "भाडेकरू आणलीस की इन्स्पेक्टर?" आणि मग एक दिवस, "काका, नव्या रंगातून भिंतीला ओल दिसतेय."

मास्तरांनी प्लंबर पाठवला खरा, पण मन उडालं ते उडालंच. एजंटकडे एक गिऱ्हाईक होतं, पडत्या भावात विकत मागणारं. "देऊन टाकू," मास्तर बायकोला म्हणाले. "हातचं दुकान सोडून पळत्याच्या पाठी लागलो. चुकलं माझं." चाळीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं, आणि तिला मुळीच बरं वाटलं नाही.

रविवारी ते त्या मुलीला घर सोडायला सांगायला निघाले. तीन जिने वाक्य घोकत चढले. दार उघडताच ती म्हणाली, "बरं झालं आलात. हे बघा ना."

भिंतीवरच्या ओलीभोवती तिनं पेन्सिलीनं रेघ काढली होती. तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, चौथी. प्रत्येकीवर रविवारची तारीख.

"प्लंबरनं सांधा बदलल्यापासून दर रविवारी आखते. आत आत येतेय काका, वाळतेय. माझ्या फोनांनी वैतागला असाल, पण तुम्ही लगेच माणूस पाठवता म्हणून सांगते. एका घरात सांगितलं होतं, तर तो मालक म्हणाला, नसेल पटत तर जा."

मास्तरांनी रेघेवरून बोट फिरवलं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या कापडावर खडूनं रेघा आखल्या. त्यांच्या स्वतःच्या वस्तूची अशी काळजी परक्या कुणी केली नव्हती. त्यांना भरून आलं, आणि लाजही वाटली.

"त्या कोटाचं बटण आहे का?" त्यांनी विचारलं.

ते होतं, कोटाच्याच खिशात. सुईदोराही होता. मास्तर खिडकीशी बसले. दोरा एकदा चुकला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तिनं सुई हळूच काढून घेतली, ओवली आणि परत त्यांच्या हातात दिली.

बटण लावून झालं तेव्हा तिला आठवलं. "काका, तुम्ही काही सांगायला आला होता ना?"

"हो," मास्तर दात लावून दोरा तोडत म्हणाले. "काही ठिबकलं, गळलं तर त्याच दिवशी फोन करायचा. नाही केलास, तर घर खाली करायला लावीन."