खुर्चीत आधी आक्का बसणार होत्या

कोल्हापूरच्या हॉस्पिटलातून संदेशचा फोन आला तेव्हा मी चिनूच्या डब्यात घावन भरत होते. "आक्का गेली," म्हणाला, आणि लगेच पुढे, "घाट उतरून पालीला पोचलो की फोन करतो. शेजाऱ्यांना सांगून ठेव." महिना होऊन गेला त्याला. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई गेल्यावर संदेशला त्यांनीच वाढवलं, मासळी विकून शिकवलं. मी लग्न होऊन घरात आले त्याच दिवशी मसाल्याचा डबा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "घे गो बाय, सुटले मी!" पण बाजारात बसायचं काही सोडलं नाही त्यांनी.

गेल्या वर्षी आमच्या चार वर्षांच्या चिनूची दाढ किडली. डॉक्टरकडे पहिल्यांदाच जायचं, पोरगी घाबरू नये म्हणून मी अगदी शिकल्यासवरल्या आईसारखी तयारी केली. मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, बाहुलीचे दात घासून घेतले. आणि एक मूर्खपणाही केला. "दात घासले नाहीस ना, तर आतेसारखे काळे होतील," असं म्हटलं, आणि तेही आक्कांच्या देखत. आक्का मिश्री लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड सकाळी, संध्याकाळी, मासळी विकून झाली की परत. आमच्याकडे कितीतरी बायका अजून त्यालाच दात घासणं म्हणतात. आक्का हसल्या नुसत्या. "हां गो चिनू, माझ्यासारखे नकोत हां."

चिनूची भीती खरी घालवली ती त्यांनीच. रोज बाजारातून आल्या की प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून बसायच्या आणि चिनू हातात चमचा आणि माझ्या मोबाइलची बॅटरी घेऊन डॉक्टरीण व्हायची. "आ करा पेशंट!" की आक्कांचं सुरू, "ओय ओय, मेले गो बाय मी!" घर नुसतं डोक्यावर घ्यायच्या दोघी. एकदा असंच खेळताना चिनू ओरडली, "आई, आतेच्या गालात पांढरं चिकटलंय! निघतच नाही!" मी तव्यावर बांगडे परतत होते. म्हटलं, "दहीभात असेल. आक्का, चूळ भरा बघू." त्या म्हणाल्या, "मिश्रीनं भाजलंय जरा, जाईल." मी बांगडा उलटला. काय म्हणावं मला...

दवाखान्यात सगळी तयारी पाण्यात गेली. चिनूने दाराची चौकट जी धरली ती सोडेना. तरुण डॉक्टरीण, फार गोड स्वभावाची. आक्कांना म्हणाली, "आते, तुम्ही बसता का आधी खुर्चीत? मी तुमचे दात मोजते, ही बघेल." आक्का उठल्यासुद्धा! पदर खोचला, चप्पल काढली. आणि मी मध्ये पडले. "नको नको, त्यांना नको. मी बसते." का? तर मला लाज वाटली. चकचकीत दवाखाना, पांढऱ्या कोटातली ती मुलगी, आणि आमच्या माणसाचं ते काळं तोंड उघडं पडणार! मी बसले, माझे दात मोजले, चिनूने टाळ्या वाजवल्या. आक्का बाकावर पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या. परत येताना रिक्षात माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं केलंस गो प्राची. माझं तोंड बघून पोर भ्यायलं असतं." मला वाटलं, चला, समजून घेतलं त्यांनी.

पावसाळ्यात त्यांना तिखट सोसेनासं झालं. गणपतीत मोदक खाताना तोंड पुरतं उघडेना. तेव्हा कुठे आम्ही धावलो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तोंडाचा कॅन्सर सांगितला आणि विचारलं, "आधी कुणाला दाखवलं नव्हतं का?" संदेशने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. लवकर कळलं असतं तर वाचल्या असत्या की नाही, देव जाणे. पण कळायची वेळ आली होती, त्या उठून उभ्याही राहिल्या होत्या आणि मी त्यांना खाली बसवलं. मला दुसरं काही सुचत नाही, दुसरं काही सांगायचंही नाही. संदेशला मी हे सगळं परवा सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या गेल्यानंतर काल पहिल्यांदाच मासळी बाजारात गेले. आक्कांची जागा अजून कुणी घेतलेली नाही. शेजारच्या शेवंतीमावशी तेवढ्या जागेवरही पाणी मारून ठेवतात, गिऱ्हाईक तिथे उभं राहिलं की "जरा सरा हो" म्हणतात. मला बघून त्यांनी हंबरडा फोडला, मग डोळे पुसून सौंदाळे दाखवायला लागल्या. बोलताना त्यांचे दात दिसले. अगदी आक्कांसारखे. मी पिशवी खाली ठेवली, मोबाइलची बॅटरी लावली आणि भर बाजारात म्हटलं, "मावशी, आ करा बघू." आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. मावशींनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग गुमान आ केला. मी डोकावून बघितलं. मला त्यातलं काय कळणार!

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"अगो, माझं तोंड बघून डॉक्टरीण पळंल की!"

"पळू दे," मी म्हटलं. "खुर्चीत आधी तुम्हीच बसायचं."