हातोडीबाई

आमच्या कारखान्यात नापास माल ठेचायचं काम बाई स्वतः करत. वसईच्या पूर्वेला रिक्षाचे सुटे भाग बनवणारा आमचा छोटा कारखाना आणि तिथल्या तपासणीच्या त्या प्रमुख. पुढचं चाक धरणाऱ्या आर्मला केसाएवढी चीर दिसली, की पदर खोचून हातोडीने त्याचं भोक चेपून टाकायच्या, म्हणजे तो कुठल्याच रिक्षाला बसू नये. आम्ही पाठीमागे त्यांना हातोडीबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

मी नवा इंजिनियर, डिग्रीची मस्ती होती. "अहो बाई, लाल रंग लावलाय ना, पुरे की," मी एकदा म्हटलं.

"रंग पुसता येतो रे," त्या म्हणाल्या.

बाईंच्या गावच्या, सांडोरच्या सणाला त्या रजेवर होत्या. त्या दिवशी मी सात आर्म नापास केले, लाल रंग लावला आणि घरी पळालो. हातोडी घ्यायचा कंटाळा केला, दुसरं काय! इकडे ऑर्डरला माल कमी पडला. पॅकिंगवाल्यांनी रंग पुसला आणि सातही आर्म माणिकपूरच्या दुकानात पोचले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भंगाराची पेटी रिकामी पाहिली आणि सगळं बाहेर आलं. शेठ म्हणाले, "बोभाटा नको, कारखान्याचं नाव जाईल."

"शेठ, त्या रिक्षांत शाळेची पोरं बसतात," बाई म्हणाल्या आणि मला घेऊन निघाल्या.

दुकानात दोन मिळाले. बाकीचे बसवून झाले होते. मग आठवडाभर आम्ही दोघं रिक्षा स्टँडवर वाकून वाकून आर्मवर ठोकलेला नंबर वाचून नापास मालाच्या वहीशी ताडून पाहत होतो. एका रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, चूक कोणाची?"

"आमची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझी," मी म्हटलं. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. पुढच्या रिक्षापाशी वाकल्या.

एकूण सहा मिळाले. सातवा नाहीच मिळाला. त्याच महिन्यात शेठनी बाईंना "आता आराम करा" म्हणून सांगितलं. मी अधूनमधून सांडोरला त्यांच्या घरी जायचो. चहाच्या आधी प्रश्न ठरलेला, "मिळाला का रे?"

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. माणसं ओळखू येईनात. मलाही ओळखलं नाही, पण हात धरून म्हणाल्या, "मिळाला का रे तो?"

हो म्हणणं किती सोपं होतं. सुखाने डोळे मिटले असते त्यांनी. पण बाईंसमोर ते तोंडातून निघेना.

"नाही, बाई."

त्यांनी मान हलवली आणि हात सोडला. बाहेर आलो, रिक्षाला हात केला. बसायच्या आधी खाली वाकून आर्मवरचा नंबर पाहिला.